शब्द कोठे तोडावा?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहून द्यावे, असा विश्वस्त मंडळींचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात आले की, शिक्षणाचे ध्येय, पालकांचे कर्तव्य वगैरे विषयांवर माझ्याहून अधिकारी माणसे लिहितीलच. वर्गावर इंग्रजी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराने आपल्या फळ्यावरचाच एखादा विषय घ्यावा हे बरे. म्हणून हा लेख एका लहानशा प्रश्नावर आहे. इंग्रजीतला लांबलचक शब्द समोर उभा राहिला, तर तो तोडावा कोठे? प्रश्न लहान खरा. परंतु आपल्याकडील कितीतरी मुलामुलींचे पुढचे शिक्षण नेमके याच ठिकाणी अडते.

चारपाच वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावचा पाऊस ऐन भरात होता. संध्याकाळी शिलाईकाम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरी आले. मुलगी मराठी माध्यमातून दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, आपल्याच न्यासाची शिष्यवृत्ती मिळालेली, आणि पी.यू.सी.ला विज्ञान शाखेत गेलेली. कॉलेज सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते.

"मास्तर, पोरगी म्हणते सायन्स नको. आर्ट्सला जाते म्हणते. अर्ज लिहून आणलाय," वडील म्हणाले.

मी तिला जीवशास्त्राचे पुस्तक मागितले. प्रत्येक ओळीवर पेन्सिलने बारीक अक्षरांत मराठी उच्चार लिहिलेले होते. ते चुकीचे होते असेही नाही. पण शब्द जेथे लिहिता लिहिता हात थांबला, तेथे तुटलेला: 'फोटोसिं' एकीकडे आणि 'थेसिस' दुसरीकडे.

"सर, रात्री पाठ होतं. सकाळी सगळं गेलेलं असतं," ती म्हणाली.

तिची बुद्धी कमी नव्हती आणि कष्टही कमी नव्हते. चौदा अक्षरांचा शब्द ती चौदा सुट्या मण्यांसारखा पाठ करीत होती. मण्यांत दोराच नव्हता.

हे मला चटकन कळले, त्याला कारण आहे. आठवीत असताना मला उभे करून इंग्रजीचा धडा वाचावयास सांगितले होते. एका वाक्यात 'डिटर्मिन' हा शब्द आला. त्याच्या शेपटाला 'माइन' हा माझ्या ओळखीचा शब्द दिसला, आणि मी ठणठणीत आवाजात 'डिटर-माइन' असे वाचले. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "खाली बस." शब्द चुकला हे समजले, पण कोठे तोडावयास हवा होता, हे त्या दिवशी कोणी सांगितले नाही. पुढे ट्रेनिंग कॉलेजात गेल्यावर समजले की, त्या शब्दात 'डि' हा उपसर्ग आणि 'टर्मिन' हे मूळ आहे. लॅटिनमध्ये टर्मिनस म्हणजे हद्द, शीव. मुंबईला गाडी जेथे संपते त्या स्थानकाच्या नावात आपण तो रोज ऐकतो. डिटर्मिन म्हणजे हद्द आखून टाकणे, म्हणून ठरविणे, निश्चय करणे. एवढे माहीत असते तर त्यात 'माइन' शोधावयास मी गेलोच नसतो.

आता मुद्द्याकडे वळतो. लांब शब्द तोडण्याच्या रीती दोन आहेत. एक कानाची आणि दुसरी अर्थाची. शब्द उच्चारावयाचा असेल तर कानाने तोडावा. समजून घ्यावयाचा आणि शुद्ध लिहावयाचा असेल तर अर्थाने तोडावा. दोन्ही रीतींचे तुकडे पुष्कळदा एकाच जागी पडत नाहीत. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना नुसते 'तोडून वाच' असे सांगतो आणि यांतली कोणती रीत हे सांगत नाही. घोटाळा होतो तो तेथे.

कानाची रीत आधी पाहू. एका स्वराभोवती जेवढे व्यंजन एका झटक्यात तोंडातून बाहेर पडते, तेवढा उच्चाराचा एक ठोका. इंग्रजीत त्याला सिलेबल म्हणतात. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश बोलावा. जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके ठोके. येथे मराठी मुलाची एक विशेष अडचण होते. आपण लेखी अक्षर आणि उच्चाराचा ठोका एकच समजतो. पण 'घर' हा शब्द लिहावयास दोन अक्षरे लागतात आणि बोलताना ठोका एकच पडतो. 'रस्ता' हा शब्द लिहिताना र आणि स्ता असा, तर बोलताना रस् आणि ता असा. आपल्या जुन्या छंदशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरु का धरतात, तर जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग मागच्या ठोक्याला जाऊन चिकटतो आणि तो ठोका जड होतो. वृत्ते शिकविताना हा नियम आपण पाठ करून घेतो, आणि इंग्रजीच्या तासाला तोच विसरतो.

इंग्रजीतही बंद ठोका आणि उघडा ठोका असा भेद आहे. डिनर म्हणजे जेवण, या शब्दात 'एन' दोनदा येतो. पहिला 'एन' मागच्या ठोक्याचे दार बंद करतो, म्हणून आतला 'आय' आखूड राहतो. एकच 'एन' लिहिला तर दार उघडे राहते, 'आय' लांबतो आणि शब्द 'डायनर' होतो, म्हणजे जेवणारा. एका पायावर उड्या मारणे ते हॉपिंग, तेथे 'पी' दोन. आशा करणे ते होपिंग, तेथे 'पी' एक. शब्दाच्या शेवटी मुका 'ई' असेल तर त्याचा ठोका मोजू नये. एवढे नियम पोटापुरते पुरतात. बाकी अपवाद इतके आहेत की, त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

अर्थाची रीत मात्र अधिक फलदायी आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की, ती आपल्या मुलांना मुळातच अवगत असते. फक्त तिचे नाव कोणी त्यांना सांगितलेले नसते.

'बेजबाबदारपणा' हा शब्द घ्या. लिहावयास आठ अक्षरे, बोलावयास सहा ठोके. पण सातवीतल्या मुलालाही हा शब्द लांब वाटत नाही, कारण तो त्याला आठ अक्षरांचा दिसतच नाही; चार तुकड्यांचा दिसतो. बे म्हणजे वाचून, शिवाय. जबाब म्हणजे उत्तर. दार म्हणजे बाळगणारा. पणा हा भाव दाखविणारा प्रत्यय. यांतला जबाब अरबी, बे आणि दार फारसी, आणि पणा आपला घरचा. तीन मुलखांची चार माणसे एका शब्दात इतकी गुण्यागोविंदाने बसली आहेत की, बोलणाऱ्याला त्यांची निरनिराळी गावे आठवत नाहीत.

आता याच अर्थाचा इंग्रजी शब्द पाहा: इररिस्पॉन्सिबिलिटी. सोळा अक्षरे, सात ठोके. मुले याला पाहून घाबरतात. पण आत काय आहे? 'इर' म्हणजे नाही, आपल्या बेच्या जागी. 'रिस्पॉन्स' म्हणजे उत्तर, जबाबाच्या जागी. 'इबल' म्हणजे देऊ शकणारा, दारच्या जागी. 'इटी' म्हणजे पणा. बेजबाबदारपणा शब्दाचे चारही तुकडे त्याच क्रमाने येथे हजर आहेत! जबाबदारी म्हणजे विचारले असता उत्तर देण्याची बांधिलकी, ही कल्पना लॅटिन बोलणाऱ्यांनाही सुचली आणि फारसी बोलणाऱ्यांनाही. आपल्या पंडितांनी संस्कृतातून उत्तरदायित्व हा शब्द घडविला, त्यातही उत्तर आहेच. रिस्पॉन्सच्या आणखी पोटात शिरलो तर 'रि' म्हणजे परत आणि 'स्पॉन्स' म्हणजे वचन असे दोन तुकडे मिळतात. गणेशोत्सवाच्या किंवा क्रिकेटच्या सामन्यांच्या फलकावर जो स्पॉन्सर झळकतो, तोही याच घरातला. वचन देणारा, हमी राहणारा.

या शब्दात 'आर' दोनदा का लिहावयाचा, हे मुलांना नेहमी कोडे पडते. मूळचा नकारार्थी उपसर्ग 'इन' असा आहे. पुढे 'आर' आला की तो 'इर' होतो, 'एल' आला की 'इल' होतो, 'पी' किंवा 'एम' आला की 'इम' होतो. म्हणून इल्लीगल या शब्दात दोन 'एल' आणि इम्मॉरल या शब्दात दोन 'एम'. हे ऐकून मराठीचा विद्यार्थी म्हणेल, अहो, हा तर संधी! अगदी बरोबर. उत् आणि लेख मिळून उल्लेख, सत् आणि जन मिळून सज्जन, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. पुढच्या वर्णाच्या शेजारी मागच्या वर्णाने आपला सूर बदलावयाचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच. माझ्या ओळखीच्या तिसऱ्या एका ठिकाणीही ती आहे. शम्स म्हणजे सूर्य, दीन म्हणजे धर्म, आणि मधला अरबी 'अल'. तिघे मिळून शम्सल्दीन होत नाही, शमसुद्दीन होते. अरबीच्या २८ व्यंजनांपैकी १४ व्यंजने अशी आहेत की, ती पुढे आली म्हणजे 'अल'मधला 'ल' त्यांच्यात विरघळून जातो.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार नोंदवून ठेवतो. अब्द म्हणजे सेवक, आणि 'उल' हा पुढच्या शब्दाला जोडणारा दुवा. म्हणजे अब्दुल रहीम हे नाव 'अब्दुल'पाशी तोडले की उरते ते 'अमक्याचा सेवक' यातले नुसते 'च्या सेवक' असे काहीतरी अर्धवट. तरी हजेरीपटावर आणि कार्डांवर हे नाव सर्रास तेथेच तुटते, एक तुकडा नावाच्या रकान्यात आणि दुसरा वडिलांच्या. कानाला तो तुकडा सोयीचा वाटतो एवढेच. मग वर्षानुवर्षे दुरुस्तीचे अर्ज लिहीत बसावे लागते.

शुद्धलेखनाच्या बाबतीत अर्थाच्या रीतीचा उपयोग किती होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी 'शन' असा आवाज आला की मुले गोंधळतात. ॲक्शनमध्ये 'टी-आय-ओ-एन', डिस्कशनमध्ये दोन 'एस', तर इलेक्ट्रिशनमध्ये 'सी-आय-ए-एन'. आवाज एक आणि लेखन तीन! कान येथे काही मदत करीत नाही. पण अर्थाने तोडले की उलगडा होतो. ॲक्शन हा ॲक्टपासून निघाला, म्हणून 'टी' कायम. डिस्कसच्या शेवटी दोन 'एस' आधीपासूनच आहेत. इलेक्ट्रिकच्या शेवटी 'सी' आहे, आणि धंदा करणाऱ्या माणसासाठी पुढे 'आय-ए-एन' लागतो. म्युझिशन, मॅजिशन यांचेही तसेच. मूळ शब्दाचे शेवटचे अक्षर आपला आवाज बदलते, पण जागा सोडीत नाही. ज्यांच्या शेवटी 'मिट' असतो ते शब्द 'मिशन' होताना दोन 'एस' घेतात: ॲडमिटचे ॲडमिशन, परमिटचे परमिशन. एवढे फळ्यावर एकदा समजावून दिले की शेकडो शब्दांचे पाठांतर वाचते.

त्याचप्रमाणे डिसॲपिअर या शब्दात 'एस' एक आणि डिस्सॅटिस्फाइड या शब्दात दोन का, याचे उत्तर 'डिस' हा उपसर्ग वेगळा काढला की आपोआप मिळते. गव्हर्नमेंट लिहिताना मुले मधला 'एन' गाळतात, कारण कानाला तो ऐकूच येत नाही. पण गव्हर्न आणि मेंट असा शब्द मांडला की 'एन' गाळणे शक्य नाही. साइन म्हणजे सही या शब्दात 'जी' मुका आहे. तो उगाच बसलेला नाही. सिग्नल आणि सिग्नेचर या भावंडांत तो बोलू लागतो.

आता दोन्ही रीतींचे भांडण कोठे होते ते पाहू. हेलिकॉप्टर हा शब्द कानाने तोडला तर हे-लि-कॉप्-टर असे चार ठोके होतात. अर्थाने तोडला तर तुकडे दोनच: हेलिको आणि प्टर. ग्रीक भाषेत हेलिक्स म्हणजे मळसूत्र, आणि प्टेरॉन म्हणजे पंख. मळसूत्री पंखांचे यंत्र, अशा अर्थाने १८६१ साली फ्रान्समध्ये गुस्ताव्ह द पोंतों दामेकूर यांनी हा शब्द घडविला. संस्कृतात पत्र म्हणजे पानही आणि पंखही. ग्रीक प्टेरॉन आणि आपले पत्र ही उडणे या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. पण इंग्रजी जिभेला शब्दाच्या किंवा तुकड्याच्या आरंभी 'प्ट' हा उच्चार रुचत नाही. टेरोडॅक्टिल या लुप्त झालेल्या उडत्या प्राण्याच्या नावात हाच प्टेरॉन आहे, तेथे 'पी' लिहितात पण बोलत नाहीत. हेलिकॉप्टरमध्ये तो 'पी' मागच्या ठोक्याला चिकटला, आपल्या रस्त्यातल्या 'स्'सारखा. मग लोकांना वाटू लागले की, शब्द हेलि आणि कॉप्टर असा आहे, आणि त्या चुकीच्या तुकड्यातून हेलिपॅड, हेलिपोर्ट असे नवे शब्द जन्मालाही आले. कानाने अर्थावर केलेली ही मात आहे. आता तो तुकडा चुकीचा म्हणून कोणी हेलिकोपॅड म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. भाषेत बहुमताला मान असतो.

छापखान्यातही हे भांडण जुने आहे. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तो कोठे मोडावयाचा? अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी १७८३ साली शाळेसाठी अंकलिपीवजा पुस्तक काढले, त्यात कानाचा पक्ष घेतला. शब्द जसा उच्चारतात तसाच तोडून मुलांना दाखवावा, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडात शब्दाच्या घडणीकडे पाहून तोडण्याची चाल अधिक. म्हणून नॉलेज हा शब्द अमेरिकन रीतीने 'एल'नंतर मोडतो आणि ब्रिटिश रीतीने 'डब्ल्यू'नंतर, म्हणजे नो हा जाणण्याचा धातू अखंड ठेवून. आजकाल संगणक आपोआप शब्द मोडतो. त्याची एक प्रसिद्ध रीत फ्रँक लिआंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८३ साली आपल्या प्रबंधात मांडली. त्या प्रबंधाच्या शीर्षकातले लांब शब्दसुद्धा मध्ये आडव्या रेघा देऊन तोडून दाखविले आहेत.

त्या पावसाळी संध्याकाळी आम्ही काय केले ते आता सांगतो. अर्ज बाजूला ठेवला आणि जीवशास्त्राचे एकच पान घेतले. फोटो म्हणजे प्रकाश. हे तिला माहीत नव्हते. फोटो म्हणजे चित्र एवढेच माहीत. सिन म्हणजे एकत्र, आपल्या सम् उपसर्गासारखा. थेसिस म्हणजे मांडणे, ठेवणे. प्रकाशाच्या साहाय्याने एकत्र जुळविणे. "म्हणजे प्रकाशसंश्लेषण?" ती म्हणाली. दहावीत तिने हाच धडा प्रकाशसंश्लेषण या नावाने शिकून पैकीच्या पैकी गुण मिळविले होते. दोन नावे एकाच गोष्टीची आहेत हे तिला वरवर ठाऊक होते, पण तुकड्याला तुकडा जुळतो हे दिसले नव्हते. सम् आणि श्लेषण, सिन आणि थेसिस.

मग तिनेच पुढचा शब्द ओढून घेतला. इन्व्हर्टिब्रेट: 'इन' म्हणजे नाही, व्हर्टिब्रा म्हणजे मणका, आपले अपृष्ठवंशीय. हिप्पोपोटेमस: हिप्पोस म्हणजे घोडा, पोटामोस म्हणजे नदी, आपला पाणघोडा. यावर वडीलही हसले. ॲनीमिया या शब्दात रक्ताच्या आधी 'ॲन' का लागतो, आणि ॲसेप्टिकमध्ये नुसता 'ॲ' का, हे विचारल्यावर मी तिला संस्कृतातले अशुद्ध आणि अनंत हे दोन शब्द लिहून दाखविले. व्यंजनापूर्वी अ, स्वरापूर्वी अन्. ग्रीक भाषेतही हाच नियम आहे, आणि हा योगायोग नव्हे. ग्रीक 'अन', लॅटिन 'इन', इंग्रजी 'अन' आणि आपला अन् हे सगळे एकाच मुळाचे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाविषयी जे प्रतिपादन केले, त्याचा हा आमच्या टेबलावरचा पुरावा.

उच्चाराचे काम तिने घरी नेले. त्यासाठी तिला एकच किल्ली दिली. शब्दाला 'इटी', 'इक' किंवा 'आय-ओ-एन' असे शेपूट लागले की आवाजाचा जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या ठोक्यावर जातो. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या ठोक्यावर असतो, आणि फोटोग्राफिकमध्ये तो 'ग्रा'वर सरकतो. आपण मराठी माणसे सगळे ठोके सारख्याच वजनाने मोजतो, म्हणून आपले इंग्रजी परक्याला कळावयास कठीण जाते.

येथे एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. तुकडे जोडून अर्थ नेहमीच निघतो असे नाही. अंडरस्टँड या शब्दात खाली उभे राहण्याचा काही संबंध आता उरलेला नाही. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणे, आमच्याकडे रोजा सोडतात तसे. पण इंग्रज मनुष्य रोज सकाळी अंडी खाताना हे मनात आणीत नाही, आणि उच्चारातही ब्रेकचा 'ब्रेक' राहिलेला नाही. सर्वांत घातक शब्द आपल्या गावाजवळून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर रोज धावतो. इंधनाच्या टँकरच्या पाठीवर लिहिलेले असते 'इन्फ्लेमेबल'. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने त्याचा अर्थ केला, न जळणारे! 'इन' म्हणजे नाही हे मीच त्याला शिकविले होते, तेव्हा चूक त्याची कशी म्हणावी? येथला 'इन' नकाराचा नव्हे. तो आत या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे, आणि शब्दाचा अर्थ झटकन पेट घेणारा. असाच घोटाळा इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होऊ शकतो, म्हणून अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी विसाव्या शतकात 'इन' काढून नुसता 'फ्लेमेबल' लिहावा असा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे. उपसर्ग दिसला की संदर्भ पाहावा, आणि शंका आली तर शब्दकोश उघडावा. आपल्याकडेही अमूल्य म्हणजे किंमत नसलेले असे कोणी केले तर?

मुलांना गंमत म्हणून मी कधी कधी इंग्रजी कोशांतला सर्वांत लांब शब्द फळ्यावर लिहितो: न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्कॅनो-कोनिओसिस. पंचेचाळीस अक्षरे, एकोणीस ठोके. फुप्फुस, अति, सूक्ष्मदर्शकी, सिलिका, ज्वालामुखी, धूळ आणि रोग एवढे अर्थ त्यात कोंबले आहेत. हा शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडविणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच रचला. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना सिलिकाच्या धुळीने जो फुप्फुसाचा आजार होतो, त्याला डॉक्टर सिलिकोसिस एवढेच म्हणतात. आजार मात्र खेळातला नाही.

शाखा बदलण्याचा तो अर्ज बरेच दिवस माझ्याच टेबलावर पडून होता. ती मुलगी पहिल्या परीक्षेत एका विषयात नापासही झाली, आणि पुन्हा बसून उत्तीर्ण झाली. शब्द कळले म्हणजे सारे विज्ञान कळते असे थोडेच आहे? पण पुस्तकावरची पेन्सिल हळूहळू विरळ होत गेली. सध्या ती परिचारिकेच्या पदवी अभ्यासक्रमाला आहे. अधूनमधून फोनवर एखादा शब्द तोडून पाठविते आणि बरोबर आहे का म्हणून विचारते. गेल्या पावसाळ्यात तिने पाठविलेला शब्द होता थ्रॉम्बोसायटोपीनिया. सोळा अक्षरे, सात ठोके. तुकडे तीन. रक्ताची गुठळी आणि पेशी हे पहिले दोन मला ओळखता आले. तिसऱ्यापाशी मी अडलो, आणि तसे तिला मोकळेपणाने कळविले. दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले: "सर, पीनिया ग्रीक आहे. मूळ अर्थ दारिद्र्य. डेंग्यूमध्ये प्लेटलेट कमी होतात ना, तेच हे."